केपच्या किनाऱ्यावरील ॲबलोनी आणि मादक द्रव्यांचा विनिमय

वन्य जीवांची चोरटी निर्यात आणि मादक द्रव्यांचा चोरटा व्यापार हे दोन स्वतंत्र गुन्हे होत, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. दोहोंचे मार्ग क्वचित एकमेकांस छेदतात, एवढाच त्यांचा संबंध मानण्यात येतो. दक्षिण आफ्रिकेतील पश्चिम केप प्रांताचा 1990 नंतरचा इतिहास पाहिला असता ही समजूत अपुरी ठरते. तेथे एक जिन्नस दुसऱ्या जिनसेचे मोल बनला.

हा जिन्नस म्हणजे ॲबलोनी, खडकांना चिकटून राहणारा एक शंखवर्गीय सागरी प्राणी. केपच्या किनाऱ्यावरील त्याची जात अत्यंत सावकाश वाढते. प्रजननक्षम होण्यास तिला सुमारे सात वर्षे लागतात. तिचा व्यापारी उपसा 1949 साली सुरू झाला आणि 1965 मध्ये तो सुमारे 2,800 टनांवर पोचला. पुढे सरकारने वार्षिक मर्यादा घातली. परंतु वर्णभेदी राजवटीत उपशाचे हक्क बव्हंशी मूठभर कंपन्यांच्या हाती राहिले. किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या ‘कलर्ड’ म्हणून गणलेल्या कोळी वस्त्यांना त्यांत नाममात्र वाटा मिळाला. 1994 नंतर सत्तांतर झाले, तरी हक्कांच्या फेरवाटपाने या वस्त्यांचे समाधान झाले नाही. कायद्याने नाकारलेले आपलेच धन आपण घेतो, ही त्यांची भावना चोरट्या उपशास नैतिक बळ देणारी ठरली.

याच सुमारास रँडचे मूल्य घसरले, आणि हाँगकाँगच्या मेजवान्यांत मानाचे स्थान असलेल्या या मांसाचा परकीय चलनातील भाव स्थानिकांस विलक्षण वाटू लागला. हा माल विकत घेणाऱ्या चिनी गुप्तमंडळ्या देशात आधीपासूनच होत्या. पाणबुडे आणि त्या मंडळ्या यांच्यामध्ये केप फ्लॅट्समधील टोळ्या उभ्या राहिल्या.

या टोळ्यांचा मुख्य धंदा मँड्रॅक्सचा होता. तिच्यातील मेथाक्वालोन हे द्रव्य 1951 साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी हिवतापावरील औषधाच्या शोधात प्रथम तयार केले होते. आणि पुढे मुंबईमार्गे या गोळ्यांची आफ्रिकेकडे चोरटी निर्यातही झाली. गोळ्या कुटून गांजात मिसळायच्या आणि फुटक्या बाटलीच्या मानेतून ओढायच्या, ही केपमधील रीत. चिनी मंडळ्यांना मेथाक्वालोनची, आणि नंतर ‘टिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेथॲम्फेटामिनची, कच्ची रसायने स्वदेशी स्वस्तात मिळत. टोळ्यांना हीच रसायने हवी होती. मांस द्यावे आणि रसायने घ्यावीत, अशी ही विनिमयपद्धती जॉनी स्टाइनबर्ग यांच्या 2005 च्या अभ्यासात वर्णिलेली आहे.

या विनिमयाचे आर्थिक मर्म स्पष्ट आहे. पैसा देशाबाहेर पाठवावा लागत नसल्याने पेढ्यांच्या नोंदी मागे राहत नाहीत. शिवाय प्रत्येक पक्ष आपल्याकडे स्वस्त असलेली वस्तू देऊन दुसऱ्याकडील महाग वस्तू घेतो. अर्थात सर्वच ॲबलोनी अशा रीतीने विकली गेली, असे म्हणता येणार नाही. पुष्कळसा व्यवहार रोखीने होई. आणि नोंदी न ठेवणे हेच ज्या व्यवहाराचे प्रयोजन, त्याचे प्रमाण आकड्यांनी सिद्ध करणे दुष्कर आहे.

परिणाम मात्र दुहेरी झाले. ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या 2018 च्या अंदाजानुसार 2000 ते 2016 या काळात सुमारे 9 कोटी 60 लाख ॲबलोनी चोरून काढल्या गेल्या. 2008 मध्ये व्यापारी उपसा पूर्णतः बंद करावा लागला आणि 2010 मध्ये तो अल्प प्रमाणात पुन्हा सुरू झाला. दुसरीकडे, 2000 नंतरच्या दशकात केपमधील व्यसनमुक्ती केंद्रांत ‘टिक’चे रुग्ण झपाट्याने वाढले.

मादक द्रव्यांसाठी 1992 चा कायदा होता. सागरी जीवांसाठी 1998 चा. दोहोंची अंमलबजावणी करणारी खातीही वेगळी होती. व्यवहार मात्र एकच होता. ज्या समाजाने समुद्रावरील आपला हक्क चोरवाटेने परत मिळवू पाहिला, त्याच्याच मुलांच्या हाती त्याचे मोल विषाच्या रूपाने आले. संरक्षणाचा कायदा न्याय्य वाटपावाचून उभा राहिला म्हणजे त्याचे मूल्य कोणास द्यावे लागते, हे या इतिहासावरून दिसून येते.