आडनावे आधी गेली, राजदूत मागून

मंडळी, दोन देशांची मैत्री म्हटली की आपल्याला करार, सह्या आणि हस्तांदोलन आठवते. भारत आणि इस्रायल यांच्या बाबतीत मात्र क्रम उलटा आहे. आधी माणसे गेली, त्यांच्याबरोबर मराठी गेली आणि सरकारे मागून आली.

ही माणसे म्हणजे कोकणातले बेने इस्रायल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आडनावे गावावरून पडली: केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. सिनेमातले आपले डेव्हिड, 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. सण यहुदी, नेसणे नऊवारी आणि बोलणे मराठी. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. पुढे बायबलातल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनेही रचली.

गावाचे नाव जवळ बाळगायची ही रीत आपल्याकडे फार जुनी. आमच्या भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्या इथल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या नावाशेजारी भोगवर्धनचे नाव दगडात कोरून ठेवले. माणूस दूर गेला की गाव त्याच्या नावात राहायला येते.

1948 साली इस्रायल स्थापन झाले. त्याआधी संयुक्त राष्ट्रसंघात भारताने पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिले होते. 17 सप्टेंबर 1950 रोजी पंडित नेहरूंच्या सरकारने इस्रायलला मान्यता दिली. मुंबईत त्यांचे वाणिज्य दूतावासाचे कार्यालयही सुरू झाले. पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला 29 जानेवारी 1992 उजाडावी लागली. तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव होते. म्हणजे मान्यतेनंतर एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ! एवढ्या काळात तेल अवीवमध्ये आपला राजदूत नव्हता. पण दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद या गावांत मराठी बोलणारी कुटुंबे होती. 'मायबोली' नावाचे मराठी त्रैमासिकही तिथे निघत असे.

या माणसांचे तिथले दिवस सोपे नव्हते. धर्माच्या ओढीने गेलेल्यांपैकी काहींना रंगावरून, कामावरून दुजाभाव सोसावा लागला. आम्हाला परत पाठवा, म्हणून 1951 साली काहींनी तेल अवीवमध्ये ठिय्या दिला आणि पुढच्या वर्षी त्यांना भारतात आणले गेले. त्यातले बरेच जण नंतर पुन्हा इस्रायललाच गेले.

त्याहून मोठा घाव 1962 सालचा. इतर यहुद्यांशी लग्न करायचे तर बेने इस्रायलांच्या वंशाची, विशेषतः आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी, असा आदेश तिथल्या धर्मपीठाने काढला. जे कुटुंब शेकडो वर्षे शनिवार पाळत आले, त्याने आपण यहुदी असल्याचा पुरावा द्यायचा! कोकणात त्यांना हा पुरावा कोणी मागितला नव्हता. ते वेगळे आहेत हे गावाला ठाऊक होते आणि तेवढे पुरेसे होते. त्यांनी मोर्चे काढले, जेरुसलेमला धरणे धरले. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने संसदेत जाहीर केले की बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत. आदेशातले त्यांचे नाव मग वगळण्यात आले.

मला हा प्रसंग 1992 च्या कराराइतकाच महत्त्वाचा वाटतो. परक्या देशात गेलेला माणूस सन्मानाने राहिला, तरच त्याच्या तोंडून मागच्या देशाची गोष्ट आपुलकीने सांगितली जाते. दुजाभाव सोसून, भांडून, पण गाव न विसरता ही माणसे तिथे रुजली. आज भारतीय वंशाचे सुमारे 85 हजार यहुदी इस्रायलमध्ये आहेत, त्यांत सर्वांत मोठा गट बेने इस्रायलांचा. इथे मात्र 2011 च्या जनगणनेत साऱ्या देशात यहुदी पाच हजारांच्याही आत भरले. महाराष्ट्राने 2016 साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

मैत्रीची फळे आज आमच्या मराठवाड्यातही दिसतात. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेत केशर आंब्याचे भारत-इस्रायल केंद्र आहे, आणि ठिबकची नळी तर आता शेतोशेती पोचली आहे. मैत्री आहे म्हणून प्रत्येक बाबतीत एकमत हवे असे नाही. 1988 साली भारताने पॅलेस्टाइनलाही मान्यता दिली, ती आजही कायम आहे.

असो. पंतप्रधान भेटले की छायाचित्रे छापून येतात, येऊ देत. पण कधी अलिबागेला गेलात, तर समुद्र पाहून झाल्यावर नवगावचे जुने यहुदी दफनस्थानही पाहून या. या मैत्रीचा पाया तिथे आहे.