जंगलातल्या गडग्याखालची राख

आजचा धागा लांब आहे आणि विषय वरवर पाहता इतिहासाचा वाटणार नाही. 

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील न्यू हॅम्पशर राज्यात एखाद्या दाट अरण्यात शिरलात, तर थोड्याच वेळात एक चमत्कारिक दृश्य दिसते. मेपल, बीच आणि हेमलॉक यांच्या गर्दीतून दगडांचा एक गडगा सरळ रेषेत टेकडी चढत जातो. कोकणातल्या वाडीभोवती असतो तसाच. चुना नाही, माती नाही, नुसते एकावर एक रचलेले धोंडे. गडग्याच्या अलीकडे जंगल आणि पलीकडेही जंगल. मग हे कुंपण कोणी घातले, आणि कशापासून कशाचे रक्षण करण्यासाठी?

अशा वेळी आपण कागद शोधतो: खरेदीखते, करवसुलीच्या नोंदी, जनगणनेचे तक्ते. तेही तेथे आहेत. पण या प्रश्नाचे उत्तर गडग्याच्या पायाशीच मिळू शकते. त्यासाठी दोन्ही बाजूंना गुडघाभर खड्डे खणावे लागतात.

समजा, पहिल्या खड्ड्यात वर काळपट, तंतुमय, अर्धवट कुजलेल्या पाल्याचा थर आहे. त्याखाली काही बोटे जाडीचा फिकट करडा पट्टा. चुलीतली राख पसरावी तसा. त्याच्या खाली एकाएकी गंजासारखा तांबडा-तपकिरी रंग, तो खाली उतरता उतरता पिवळसर होत जातो. सर्वांत तळाशी कुदळीला दाद न देणारा घट्ट, दगडगोट्यांनी भरलेला थर. दुसऱ्या खड्ड्यात मात्र राखेचा पट्टा नाही. वरची वीतभर माती एकसारखी तपकिरी आहे आणि तिची खालची कड सुतारकामाइतकी सरळ आहे. निसर्ग एवढी सरळ कड सहसा आखत नाही. ती नांगराची कड आहे. शंभर-दीडशे वर्षे जंगल उभे राहिले, तरी ती पुसली गेलेली नाही.

हे वाचता येण्यासाठी त्या दोन्ही खड्ड्यांचा तळ आधी समजून घ्यावा लागतो.

तळाशी असलेल्या त्या घट्ट थराचे नाव ‘टिल’. हा मूळचा स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांचा शब्द; चिवट, धोंडाळ, नांगराला वैताग आणणाऱ्या जमिनीला ते टिल म्हणत. पुढे भूवैज्ञानिकांनी तो उचलला. नदी गाळ वाहून आणते तेव्हा तो निवडते: जड गोटे आधी टाकते, वाळू पुढे, चिकणमाती सर्वांत शेवटी. हिमनदी अशी निवड करीत नाही. घरभर आकाराच्या धोंड्यापासून पिठासारख्या चूर्णापर्यंत सारे काही ती एकत्र वाहते आणि बर्फ वितळले की तेथेच टाकून देते. बर्फाच्या तळाशी दडपले गेलेले टिल विटेसारखे घट्ट होते; पाणी त्यात मुरत नाही, मुळेही आडवी पसरतात. बर्फाच्या पृष्ठभागावरून उतरलेले टिल त्या मानाने सैल आणि वाळूमिश्रित असते. सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी हिमस्तर न्यू इंग्लंडवरून मागे हटत होता. तिथली माती, म्हणजे, भूवैज्ञानिक मापाने कालची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही सारी रास नोहाच्या महाप्रलयाने आणली, अशी अनेकांची धारणा होती. लुई अगासी याने १८३७ मध्ये स्वित्झर्लंडमधील नूशातेल येथे हिमयुगाची कल्पना मांडली, तेव्हा जाणकारांनी ती सहज स्वीकारली नाही. ३ नोव्हेंबर १८७५ रोजी स्वीडिश संशोधक ओट्टो टोरेल याने बर्लिनजवळच्या र्‍यूडर्सडोर्फ येथील चुनखडकावरचे ओरखडे हिमस्तराचे आहेत असे सांगितले, आणि जर्मनीतला वाद मिटू लागला. (एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी आपल्या चंद्रपूरजवळच्या इरई येथील चुनखडकावरच्या अशाच ओरखड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. मात्र ते हिम सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे. तिथल्या टिलचा केव्हाच खडक झाला आहे.)

आता राखेकडे वळू. हा पट्टा प्रत्यक्षात राख नसतो. थंड, ओलसर हवेत सूचिपर्णी झाडांचा पाला सावकाश कुजतो आणि त्यातून आम्ले झिरपतात. ती टिलमधील लोह आणि ॲल्युमिनियम विरघळवून खाली नेतात. वर उरतात धुऊन निघालेले गारगोटीचे कण, म्हणून रंग राखेचा. खाली नेलेले लोह जेथे साचते, तेथे गंजाचा रंग. रशियातील शेतकरी अशा जमिनीला ‘पॉडझॉल’ म्हणत. ‘पॉड’ म्हणजे खाली आणि ‘झोला’ म्हणजे राख, अशी या नावाची फोड सामान्यतः केली जाते. जंगल तोडून नांगर घातला की खालून राख वर यायची, आणि पीक यथातथाच यायचे.

हा शब्द विज्ञानात आणला वासिली डोकुचायेव याने. जन्म १८४६, स्मोलेन्स्क प्रांतातल्या खेड्यात, वडील गावचे पाद्री. १८८३ मध्ये त्याने रशियाच्या काळ्या मातीवरील प्रबंध प्रसिद्ध केला. त्याच सुमारास निझनी नोव्हगोरोदच्या प्रांतिक मंडळाने जमिनीवरील कराची न्याय्य आकारणी करण्यासाठी त्याला मातीची पाहणी करायला सांगितले. त्या कामाचे चौदा खंड झाले. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक ओळखीची खूण पटते. मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी साऱ्यासाठीच रंग, खोली आणि दोष पाहून मातीची प्रतवारी केली होती आणि ती आण्यांत मोजली होती. त्यांचा संयुक्त अहवाल १८४७ चा. फरक असा की आपल्याकडील पद्धत ‘ही जमीन किती देईल’ या प्रश्नाशी थांबली. डोकुचायेवने त्याच करापायी ‘ही जमीन अशी का झाली’ हे विचारले. त्याचे उत्तर होते: मूळ खडक वा गाळ, हवामान, सजीव, भूरूप आणि काळ, या पाचांच्या संयोगातून. म्हणजे मातीला जन्म आहे, वय आहे, चरित्र आहे. माझ्या मते मृदाविज्ञान इतिहासाच्या सर्वांत जवळ आले ते याच वाक्यात.

डेन्मार्कमध्ये एक वनाधिकारी जवळपास याच वर्षांत निराळ्या वाटेने तेथेच पोहोचला होता. पी. ई. म्युलर याने टिलवर वाढलेल्या बीचच्या वनांत दोन प्रकारची भूमी पाहिली. एकीत गांडुळे पाला आणि माती पूर्ण मिसळून टाकतात. तिला स्थानिक शब्द ‘मुल’. दुसरीत गांडुळे नाहीत, बुरशीच्या धाग्यांनी विणलेला पाल्याचा गालिचा मातीपासून अलग राहतो; तो ‘मोर’. मोरखाली त्याला फिकट वाळू आणि तिच्याखाली तांबडा थर दिसला. एकाच वनातली जमीन एकीतून दुसरीत बदलू शकते आणि तसे झाले की बीचची नवी रोपे नीट धरत नाहीत, ही गोष्ट वनाधिकाऱ्याच्या पोटापाण्याची होती. टिल, पॉडझॉल, मुल, मोर: या शास्त्राचे अर्धे शब्द नांगर वा कुऱ्हाड हाती धरणाऱ्यांचे आहेत, हे ध्यानात असू द्यावे.

अमेरिकेत तोवर वेगळाच हिशेब चालू होता. तिथल्या मृदा-सर्वेक्षणाने मातीची विभागणी तिच्या भूवैज्ञानिक उगमावरून केली होती. हिमानीने आणलेले ते सारे एका प्रांतात. सर्वेक्षणाचा प्रमुख कर्टिस मार्बट हा स्वतः मूळचा भूवैज्ञानिक. रशियन भाषा येत नसल्याने पाश्चात्त्य जगाला डोकुचायेवचे म्हणणे जवळजवळ ठाऊक नव्हते. त्याच्या परंपरेतील कॉन्स्टन्टिन ग्लिंका याचा ग्रंथ १९१४ मध्ये जर्मनमध्ये आला. मार्बटने तो इंग्रजीत आणला आणि १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. वयाच्या साठीत पोहोचलेल्या या माणसाने, ज्या पद्धतीवर स्वतःचे खाते उभे होते तीच मोडीत काढली. हिमाने काय टाकले यापेक्षा त्यावर अरण्याने काय घडवले, यावरून माती ओळखावी, असे तो आता सांगू लागला.

हा मतबदल बरोबर होता. पण तो पूर्ण बरोबर होता का? येथे न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांची साक्ष काढावी लागते.

त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निम्म्याहून अधिक जंगल तोडले होते. जंगलाचे पांघरूण गेले, हिवाळ्यात जमीन खोलवर गोठू लागली, आणि गोठण्या-वितळण्याच्या खेळात टिलमधले धोंडे दर वसंतात वर येऊ लागले. शेतात दगड पिकतात, असे लोक म्हणत. ते उचलून बांधावर रचले जात. १८७१ च्या कुंपणांच्या सरकारी आकडेवारीवरून नंतर काढलेला एक प्रसिद्ध अंदाज ईशान्येकडील अशा गडग्यांची लांबी सुमारे २,४०,००० मैल सांगतो. १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाला आणि पश्चिमेचे धान्य स्वस्तात येऊ लागले. मागोमाग तरुण माणसे ओहायो, इंडियाना यांच्या वाटेला लागली.

तेथे त्यांना जी जमीन मिळाली, तीही बव्हंशी टिलवरचीच होती. तोच हिमस्तर, तसेच बीच-मेपलचे जंगल. पण न्यू हॅम्पशरवरील बर्फाने ग्रॅनाइट आणि त्याच्या भाईबंदांचा चुरा केला होता, तर इंडियानावरील बर्फाने चुनखडकाचा. चुन्याने आम्ल मारले. पॉडझॉलची ती टोकाची धुलाई तेथे झाली नाही. एकाच बर्फाने दोन दैवे लिहिली, आणि एका पिढीने आपली शेते सोडून हजार किलोमीटर दूर दुसरे दैव गाठले. अरण्य माती घडवते खरे, पण हिमाने कोणता दगड दळला हे ते विसरू शकत नाही. मार्बटच्या नंतरच्या वर्गीकरणांना उगमद्रव्याकडे पुन्हा अधिक लक्ष द्यावे लागले, ते उगाच नव्हे.

१९७५ मध्ये अमेरिकेने नवी पद्धत छापली. तिच्यात लोकभाषेतली जुनी नावे काढून ग्रीक-लॅटिन मुळांवरून नवी घडवली. पॉडझॉलचे झाले ‘स्पॉडोसॉल’; ग्रीक ‘स्पॉडोस’ म्हणजे लाकडाची राख! शेतकऱ्याला दारातून बाहेर काढले आणि तो खिडकीतून परत आला. गंमत पुढेच आहे. या वर्गाची कसोटी राखेचा थर नाहीच; कसोटी आहे त्याखालचा, लोह आणि ह्यूमस साचलेला थर. त्यामागे व्यावहारिक शहाणपण होते. नांगर राखेचा थर मिसळून टाकतो, खालचा थर बहुधा वाचतो. नांगरलेली आणि न नांगरलेली बहीण-माती शक्यतो एकाच घरात राहावी, हे त्या पद्धतीचे धोरण. आपल्या गडग्याच्या दोन्ही बाजूंचे खड्डे त्यामुळे एकाच नावाखाली जाऊ शकतात.

वर्गीकरणासाठी हे योग्यच. इतिहासकाराला मात्र नेमका तोच हरवलेला पट्टा हवा असतो. राख शाबूत असेल तर तेथे नांगर फिरला नाही. कदाचित मेंढ्यांचे कुरण असेल, कदाचित लाकूडफाट्याची राखीव जागा. शेजारचा गडगाही तसेच सांगतो. त्यात मूठभर आकाराचे पुष्कळ दगड असतील तर शेत. नुसते मोठे धोंडे असतील तर कुरण, कारण गवतासाठी बारीक दगड वेचण्याचे कष्ट कोण घेणार? कागदोपत्री ‘सुधारित जमीन’ एवढीच नोंद असते. तिचे कुरण होते की शेत, हे खड्डा सांगतो. १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या हार्वर्ड फॉरेस्टच्या अभ्यासकांनी नांगराच्या या थराचा उपयोग जुन्या जमीनवापराचा माग काढण्यासाठी केला आहे.

आणि आता या दस्तऐवजाला वाळवी लागली आहे. हिमस्तराने झाकलेल्या उत्तर अमेरिकेच्या बहुतेक भागात मूळची गांडुळे उरलीच नव्हती. हिम गेल्यानंतरची जंगले त्यांच्यावाचून वाढली, म्हणून तिथला मोर एवढा जाड. युरोपीय वसाहतवाल्यांनी रोपांच्या मुळांशी लागलेल्या मातीतून आणि जहाजांच्या भारमातीतून गांडुळे आणली. पुढे मासे पकडणाऱ्यांच्या डब्यांतून ती दूरच्या तळ्यांकाठी पोहोचली. जेथे ती पोहोचतात तेथे शतकांचा मोर काही वर्षांत खाल्ला जातो, वरचे थर मिसळतात, आणि म्युलरचे मुल तयार होते. वनस्पतींची किती रोपे त्यात मरतात हा वनशास्त्रज्ञांचा प्रश्न झाला; पण राखेचा पट्टाही त्यात जातो. न नांगरलेली जमीन नांगरल्यासारखी दिसू लागते.

आपल्याकडे शाळेपासून ‘शेतकऱ्याचा मित्र’ म्हणून शिकवलेला हा प्राणी. मिनेसोटात मासेमारांना आज सांगितले जाते की आमिषाची उरलेली गांडुळे जंगलात सोडू नका, कचऱ्याच्या डब्यात टाका.