तीन नावांची लेखिका : विभावरी शिरूरकर आणि मराठी कथेतील दुसरे स्वत्व

माणसाच्या ठायी वसणारे दुसरे, झाकलेले व्यक्तित्व हा आधुनिक कथावाङ्मयाचा आवडता विषय आहे. स्टीव्हन्सनच्या जेकिल आणि हाइड यांच्या कथेने (१८८६) या विषयाला जो साचा दिला, त्यात झाकलेले स्वत्व हे दुष्ट, पाशवी आणि म्हणूनच लपवण्याजोगे ठरते. मराठीत मात्र या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण एखाद्या पात्रात न सापडता एका लेखिकेच्या नावात सापडते, आणि तेथे लपलेले स्वत्व दुष्ट नव्हते. ते केवळ बोलणारे होते. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध करणाऱ्या विभावरी शिरूरकर यांच्या नामांतराचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुण्याहून निघणारा नगर रस्ता वाघोली आणि कोरेगाव भीमा मागे टाकून घोड नदीच्या काठी शिरूरला पोहोचतो. या गावालाच दोन नावे आहेत. कागदोपत्री ते शिरूर, तर लोकांच्या तोंडी घोडनदी. बाळूताई खरे यांचा जन्म १९०५ मध्ये येथे झाला. वडील अनंतराव हे शिक्षक. मुलींना शिकवण्याच्या जिद्दीने त्यांनी त्यांना महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेत पाठवले. बाळूताई तेथे शिकल्या आणि पुढे त्याच संस्थापरिवारातील कन्याशाळेत शिक्षिका झाल्या. टोपणनाव घेताना त्यांनी आडनावाच्या जागी आपले गाव घातले, आणि पहिल्या नावासाठी रात्रीचा वाचक असा शब्द निवडला. पुण्यात, संस्थेच्या कुंपणात राहणाऱ्या या शिक्षिकेचे दुसरे नाव अशा रीतीने वाघोलीच्या वाटेने पुन्हा गावाकडे जाते.

येथे एक तपशील नीट ध्यानात घेतला पाहिजे. ‘कळ्यांचे निःश्वास’पूर्वी बाळूताई खरे या नावाने त्यांचे लेखन प्रसिद्ध झालेले होते. ‘स्त्रियांच्या हक्कांची सुधारणा’ हे पुस्तक १९३० चे. क. ना. केळकर यांच्यासमवेत लिहिलेला ‘हिंदुव्यवहार धर्मशास्त्र’ हा ग्रंथ १९३२ चा. म्हणजे वारसा, विवाह, स्त्रीधन यांसारख्या विषयांवर स्वतःच्या नावाने लिहिण्यास त्या कचरल्या नव्हत्या, आणि या ग्रंथांनी फारशी खळबळ उडवल्याचेही दिसत नाही. स्त्रीच्या हक्कांविषयी शास्त्रार्थ करणारी स्त्री त्या काळच्या पुण्याला चालत होती. पुढच्याच वर्षी तीच लेखिका स्त्रीच्या इच्छेविषयी लिहू लागली तेव्हा तिला दुसरे नाव घ्यावे लागले. हक्क आणि इच्छा यांच्यामधली ही रेघ त्या समाजाच्या कोणत्याही जाहीर ठरावापेक्षा अधिक स्पष्ट आहे.

ही सावधगिरी अनाठायी होती असे म्हणता येत नाही. महर्षींचेच चिरंजीव र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारामुळे १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडावी लागली होती. १९२७ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’वर पुढे अश्लीलतेचे खटलेही झाले. पुरुषाची, तीही संस्थापकाच्या मुलाची, जर ही गत, तर लोकांच्या देणग्यांवर उभ्या असलेल्या संस्थेतील एका अविवाहित शिक्षिकेची काय झाली असती, हे सांगण्याची गरज नाही. तिच्यामागे ज्या मुलींचे शिक्षण चालू होते त्यांच्याकडेही समाजाने बोट दाखवले असते.

ह. वि. मोटे यांनी प्रकाशित केलेल्या या संग्रहातील नायिका बहुतांशी शिकलेल्या, मिळवत्या आणि अविवाहित आहेत. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे शीर्षकच त्यांची कोंडी सांगून जाते. मुलीला शिकवणारा बाप सुधारक म्हणून गौरवला जातो, मुलीच्या पगारावर घर उभे राहते, आणि तिचे लग्न लांबत जाते ते कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. घराबाहेर ती बाई म्हणून मान घेते, घरात कर्ती मुलगी असते, आणि या दोन्हींच्या तळाशी तिसरे काहीतरी असते ज्याला घरात वा शाळेत नाव नाही. या स्त्रियांचे दुहेरी जीवन म्हणजे गुप्त पापाचरण नव्हे. दिवसभर आपण जे नाही ते असल्याचे दाखवण्याची ती शिस्त आहे. हिंगण्याच्या शिक्षणाने जी पिढी घडली तिचा हिशेब त्याच शिक्षणातून आलेल्या स्त्रीने मांडला, हे वाचकांना विशेष बोचले असावे.

पुस्तकावर वादळ उठले. ही विभावरी कोण, मुळात ती स्त्री आहे की पुरुष, याची चर्चा कथांच्या गुणदोषांच्या चर्चेइतकीच रंगली. हा प्रश्न एका जुन्या उदाहरणाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली, ती यमूच्या तोंडून, आत्मकथनाच्या रूपात. पुरुषाने स्त्रीचा आवाज घेतला आणि मराठी वाचकांनी त्याला योग्य तो मान दिला. चार दशकांनंतर एका स्त्रीने स्त्रीच्याच आवाजात लिहिले, तेव्हा तो आवाज खरोखर स्त्रीचा आहे काय अशी शंका घेतली गेली. यमूची वेदना करुणा मागते. विभावरींच्या नायिका तेवढ्यावर थांबत नाहीत, आणि शंकेचे मूळ बहुधा तेथे आहे.

पुरुषांनीही टोपणनावे घेतलीच होती. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदात बाळकराम होते. परंतु ती नावे म्हणजे अंगरखे होते. आतला गृहस्थ कोण हे सर्वांना ठाऊक असे. त्याच काळात मुक्ताबाई दीक्षित ‘कृष्णाबाई’ या नावाने कथा लिहीत होत्या. उलट गीता साने यांनी तितकेच धीट लेखन स्वतःच्या नावाने केले. त्यामुळे टोपणनाव हा त्या काळच्या लेखिकांपुढचा एकमेव मार्ग होता असे मानणे चुकीचे ठरेल. नावाचा प्रश्न प्रत्येकीच्या नोकरीशी आणि घराशी बांधलेला होता.

शिवाय मराठी मध्यमवर्गीय स्त्रीला दोन नावे नवीन नव्हती. माहेरचे नाव उंबऱ्याबाहेर ठेवून सासरी दुसरे घेण्याची रीत होतीच. १९३८ मध्ये विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाल्यावर बाळूताई खरे या मालतीबाई बेडेकर झाल्या. पहिले नाव पित्याच्या घरचे, दुसरे पतीच्या घरचे. स्वतः निवडलेले नाव एकच होते आणि नेमके त्याच नावाचा लोकांना जाच झाला, कारण ते कोणाची मुलगी वा कोणाची पत्नी हे सांगत नव्हते. जिचे घर माहीत नाही तिला समज देण्यासाठी कोणाकडे जायचे?

१९३४ च्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीत हा प्रश्न लेखिकेच्या नावावरून नायिकेच्या आयुष्यावर येतो. पतीने टाकलेली अचला विरागबरोबर सहजीवन मांडते. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोट देणारा कायदा १९४७ मध्ये आला. तेव्हा १९३४ ची अचला कायद्याने एकाची पत्नी आणि मनाने दुसऱ्याची सहचरी राहते. तिचे दुहेरी जीवन स्वभावातून आलेले नाही, ते कायद्याने तिच्यावर लादलेले आहे. ‘हिंदुव्यवहार धर्मशास्त्र’च्या सहलेखिकेला ही अडचण कलमासह ठाऊक होती, आणि कादंबरीतील युक्तिवादांचा काहीसा कोरडेपणा बहुधा तेथूनच आलेला आहे.

विभावरी कोण हे पुढे उघड झाले. गुपित संपल्यावर टोपणनावाचे प्रयोजन संपायला हवे होते. तसे झाले नाही. ‘बळी’ (१९५०) आणि वडिलांच्या जीवनावर आधारलेली ‘खरेमास्तर’ (१९५३) याच नावाने आल्या. यांपैकी ‘बळी’चे उदाहरण अधिक सूचक आहे. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’मध्ये, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणाने वेढलेल्या वसाहतीत, त्यांनी अधिकारी म्हणून काम केले होते. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांची हजेरी ज्या व्यवस्थेत घेतली जाई, त्या व्यवस्थेच्या त्या नोकर होत्या. कादंबरी मात्र कुंपणाच्या आतून लिहिलेली आहे. अधिकारी स्त्रीच्या सहीने अहवाल जातात. ‘बळी’वर विभावरी शिरूरकर हे नाव आहे.