बॉल कोणाचा?

भात कापून झालं की आमच्या गावची शेतं म्हणजे फुटबॉलचं मैदान. तिथे कायदा एकच. ज्याचा बॉल त्याला खेळायला घेतलंच पाहिजे. तो रुसून बॉल काखेत मारून घरी निघाला की खेळ खल्लास! हा पोरकटपणा फक्त आमचाच असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. मग पहिल्या विश्वचषकाची हकिकत वाचनात आली.

३० जुलै १९३०, माँटेव्हिडिओ. अंतिम सामना उरुग्वे आणि अर्जेंटिना यांच्यात. दोघांनाही आपलाच बॉल हवा, दुसऱ्याच्या बॉलने खेळायला कोणी तयार नाही. शेवटी तोडगा निघाला. पहिला हाफ अर्जेंटिनाच्या बॉलने, दुसरा उरुग्वेच्या. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे होती. मग उरुग्वेचा बॉल आला, त्यांनी आणखी तीन गोल ठोकले आणि सामना ४-२ असा जिंकला. निव्वळ बॉलमुळे जिंकले असं कोण म्हणेल? पण एखाद्या अर्जेंटिनावाल्याला तसं वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही.

तो काळ चामड्याच्या बॉलचा. आत ब्लॅडर, वर नाडी. नियमातलं वजन सामना सुरू होतानाचं. चामडं पाणी प्यालं की त्याला काही अर्थ राहत नसे. तसल्या बॉलने आषाढात ज्यांनी हेडिंग केलंय त्यांना मी काय सांगणार?

१९७० साली मेक्सिकोत आदिदासचा 'टेलस्टार' आला. बारा काळे पंचकोन, वीस पांढरे षटकोन. कृष्णधवल टीव्हीवर नीट दिसावा म्हणून तो रंग. म्हणजे बॉल आता घरी बसलेल्या प्रेक्षकासाठी रंगवला जाऊ लागला होता. १९८६ च्या 'अझ्टेका'पासून चामडंही गेलं.

पुढे तुकडे कमी होत गेले. २००६ मध्ये चौदा, २०१० च्या 'जाबुलानी'त आठच. गंमत म्हणजे बॉल फार गुळगुळीत झाला की हवेत भरकटतो. शिवणीचे खाचखळगेच त्याला सरळ ठेवतात. ब्राझीलच्या जुलियो सेझारने तर जाबुलानीला सुपरमार्केटातल्या बॉलच्या पंगतीला बसवलं. २०१४ च्या 'ब्राझुका'त तुकडे सहाच, पण सांधे लांब आणि खोल ठेवले, तेव्हा गोलींची कुरकुर कमी झाली.

शिवणीवरून आठवलं. जगातले हाताने शिवलेले फुटबॉल कित्येक दशकं मुख्यतः पाकिस्तानातल्या सियालकोटहून यायचे. शिवणाऱ्यांत लहान मुलंही असत; ते थांबवण्यासाठी १९९७ साली करार करावा लागला. ब्राझुका शिवलेला नव्हता, सांधे उष्णतेने जोडलेले होते, पण तोही सियालकोटच्या कारखान्यात बनला. पाकिस्तानचा संघ मात्र विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत एकदाही खेळलेला नाही.

आपलाही नाही म्हणा. १९५० साली प्रवेश मिळाला होता, पण आपण ब्राझीलला गेलोच नाही.