पोपटाचे खेळणे: ‘कामसूत्रा’पासून बोरिवलीपर्यंत

१/ ‘कामसूत्रा’तील ६४ कलांपैकी एक कला म्हणजे पोपट-मैनेला बोलायला शिकवणे. पक्षी माणसाची करमणूक करी. पक्ष्याच्या करमणुकीचा प्रश्न तेथे नव्हता.

२/ १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने चित्र पालटले. आज देशी पोपट पाळणे गुन्हा आहे. अंधेरी-मुलुंडच्या सदनिकांत दिसतात ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे बजरीगर व कॉकटिएल.

३/ कुरतडणे हा त्यांचा स्वभाव. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली साखळी किंवा शिशाचा घुंगरू विष ठरतो. सुटलेल्या धाग्यांत पाय अडकतो. न रंगवलेला बांबू, कडुनिंबाची फांदी, नारळाची करवंटी सुरक्षित.

४/ ही सारी झाडाचीच अंगे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पोपटाला मात्र अख्खे झाड मिळते.