पेशींच्या नावपाट्या

निजाम महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिड या आर्मेनियन गृहस्थाच्या दुकानावरून आबिड्सला नाव मिळाले. दुकान गेले, पत्ता मात्र आम्ही अजून त्याच नावाने सांगतो. रक्तातील टी-पेशींच्या नामकरणाची हकीकत वाचताना हे आठवले.

मारक टी-पेशी आणि साहाय्यक टी-पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर व मिलस्टीन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची रीत शोधली, आणि पेशीच्या पृष्ठभागावरील एकेक प्रथिन निवडून ओळखता येऊ लागले. १९८२ च्या पॅरिस परिषदेपासून या खुणांना 'सीडी' क्रमांक मिळाले. मारक पेशींची खूण सीडी-८, साहाय्यकांची सीडी-४.

त्याच वर्षी कुष्ठरुग्णांच्या त्वचेची अशी तपासणी प्रसिद्ध झाली. जंतू एकच, पण मर्यादित प्रकारात सीडी-४ पेशी अधिक, तर जंतूंनी भरलेल्या चट्ट्यांत सीडी-८ अधिक. ज्या रोगाला आपल्या घरांतूनही पूर्वजन्मीचे पाप म्हटले गेले, त्याचा सौम्य-तीव्र भेद शरीराच्या प्रतिसादात शोधला जाऊ लागला. दिल्लीत कुष्ठरोगातील टी-पेशींवर काम केलेल्या डॉ. इंदिरा नाथ पुढे हैदराबादच्या ब्लू पीटर संशोधन केंद्राच्या संचालक झाल्या, हे येथे नोंदवले पाहिजे.

तथापि पाटीवरून धंदा ओळखावा असे नाही. तीव्र प्रकारात सीडी-८ पेशींची गर्दी असूनही जंतू वाढतच राहतात. पेशी खरोखर मारक आहे का, हे पाहण्यासाठी तिच्या आतील पर्फोरिन आणि ग्रँझाइम शोधणारी निराळी प्रतिपिंडे लागतात.