शेठ, द्रव्य आणि अर्थ

विद्यापीठीय शिक्षणाच्या प्रथम वर्षापासून अर्थशास्त्र व थाई भाषा यांचा जोड अभ्यास करण्याचे प्रयोजन शब्दांच्या इतिहासातून स्पष्ट होते. अकोल्याच्या कापूसबाजारातील ‘शेठ’ हा शब्द संस्कृत ‘श्रेष्ठिन्’पासून आला. अमरावतीच्या विद्यापीठात (स्थापना १९८३) ज्यास अर्थशास्त्र म्हणतात, त्याचे थाई नाव ‘सेत्थसात’ हेही त्याच कुळातील. ‘श्रेष्ठ’ आणि ‘शास्त्र’ मिळून ते बनले.

हे नाव मात्र आरंभीचे नव्हे. माजी अर्थमंत्री फ्राया सुरियानुवत यांनी १९११ मध्ये या विषयावरील आद्य थाई ग्रंथ प्रसिद्ध केला, तो ‘सप्फयसात’, म्हणजे द्रव्यशास्त्र, या नावाने. मराठीतही लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ (१८४९) आधी आले. ‘अर्थशास्त्र’ ही संज्ञा पुढे स्थिरावली. सुरियानुवतांनी भातशेतकऱ्यांचे दारिद्र्य मांडले. सयामच्या राजसत्तेने ग्रंथाच्या प्रसारास आळा घातला. १९३२ च्या राज्यक्रांतीनंतर बँकॉकमध्ये थम्मसात विद्यापीठ निघाले (१९३४), आणि तेथे १९४९ मध्ये ‘सेत्थसात’ विषयाची स्वतंत्र विद्याशाखा उघडली.

शेतकऱ्याचा कर्जबाजारीपणा ज्याने जवळून पाहिला आहे, त्या वऱ्हाडी विद्यार्थ्यास सुरियानुवतांचा प्रश्न परका वाटणार नाही. तो मुळातून वाचावयाचा तर थाई भाषा यावयास हवी.